किलोच्या भावानं विकू नका : मुंबईच्या तार आणि टेलेक्सविषयी खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या तार आणि टेलेक्स यंत्रणेच्या जुन्या इमारती, यंत्रं आणि दप्तर ज्यांच्या ताब्यात आहे ते सर्व अधिकारी,
आणि या शहराचा वारसा जपायची जबाबदारी ज्यांच्यावर आहे ते सर्व जण.

महोदय, महोदया,

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. ती आणि मी एकेकाळी शेजारशेजारच्या ऑफिसांत टेलेक्सवर बसायचो. टेलेक्स म्हणजे इथे टाइप केलेला मजकूर लाइनवरून थेट पलीकडच्या ऑफिसातल्या यंत्रावर छापून देणारी सेवा. म्हणाली, "अगं, आपली यंत्रं चालली. बघायची असतील तर आजच ये." डोंबिवलीहून दुपारची लोकल पकडून मी फोर्टात गेले. एका जुन्या कचेरीच्या मागच्या आवारात टेम्पो उभा होता. टेम्पोत सात-आठ टेलिप्रिंटर, म्हणजे टेलेक्सची टाइप करायची यंत्रं, उलटेसुलटे टाकलेले. कुणाचं झाकण तुटलेलं, कुणाच्या कळा लोंबत होत्या. खाली फरशीवर रजिस्टरांचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले, आणि बाजूला वजनकाटा.

काट्यावर उभा असलेला मुलगा विशीचा असेल. मी एका यंत्रावरची धूळ पुसायला लागले तसा तो म्हणाला, "मावशी, हे कशाचं मशीन?" मी सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, एक-दोन प्रश्नही विचारले. मग गठ्ठ्यातून कागदी पट्टीचं एक कोरं रीळ काढून माझ्या हातात ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत. आत जाऊन मी विचारलं की एक तरी यंत्र ठेवता येईल का, मी वाहतुकीचा खर्च देते. उत्तर मिळालं, "लिलाव झाला. आता काही करता येत नाही."

त्या कचेरीचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांनी कुठला नियम मोडला नव्हता. निकामी मालाचा लिलाव करा असा त्यांच्याकडे कागद होता, त्याप्रमाणे त्यांनी केलं. माझी तक्रार त्या कागदाशी आहे. त्यात वस्तू चालू की निकामी, एवढंच विचारलेलं असतं. वस्तू जपण्याजोगी आहे का, हे विचारणारा रकानाच त्यात नसतो. तो रकाना घाला, हे सांगायला हे पत्र लिहिते आहे. खुलं लिहिते, कारण याआधी बंद पाकिटातून तीन पत्रं पाठवली आणि एकाचीही पोच आली नाही.

मी कोण, ते सांगते. माझे वडील फाउंटनच्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात, म्हणजे सीटीओत, तारमास्तर होते. १९४५ साली लागले, १९८३ साली निवृत्त झाले. मी १९७४ साली, एकविसाव्या वर्षी, बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज एजंटाच्या ऑफिसात टेलेक्स ऑपरेटर म्हणून लागले. ऑफिसातला टेलेक्स काढला जाईपर्यंत त्याच खुर्चीवर होते.

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत मोर्स, म्हणजे तारेची टिंब आणि डॅशची टकटक भाषा, हा घरचाच आवाज होता. वडील जेवायला बसले की ताटाच्या कडेवर त्यांचं बोट वाजायचं. मीठ हवं असलं की ते एक ठरावीक टकटक करत. आईला बाकी काही कळत नसे, पण तेवढं कळे. मोठ्या शहरांच्या तारांवर टेलिप्रिंटर आल्यावरही लहान गावांशी बोलणं कट्ट-कडकट्ट असंच चाले. पलीकडे कोण बसलंय ते वडील आवाजावरून ओळखत. याला ते 'हात ओळखणं' म्हणत. रात्रपाळीहून आले की सांगत, "आज मालवणला नवा पोरगा आहे. डॅश ओढतो." त्या पोराचा चेहरा त्यांनी जन्मात पाहिला नाही. पण दोन वर्षांनी त्याची बदली झाली तेव्हा त्यांना चुकल्यासारखं झालं होतं.

आणि माणसं मेल्याच्या तारा. मृत्यूच्या तारेला अग्रक्रम असे. वडील म्हणत, ती तार घेताना हात अजिबात घाईचा ठेवायचा नाही, कारण एक अक्षर चुकलं तर दुसऱ्याच घरात रडारड व्हायची. गिरणगावातल्या चाळींतून, खानावळींतून राहणाऱ्या कोकणातल्या चाकरमान्यांना गावाकडची बातमी तारेनंच यायची. तार इंग्रजीत, "मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली". ज्याच्या नावाची ती, त्याला ती वाचता येत नसे. मग शिकलेला माणूस शोधायचा, आणि त्यानं वाचेपर्यंत अख्खी खोली गप्प. तारवाला जिन्यात दिसला की बायका पदर तोंडाशी धरायच्या. लग्नाच्या शुभेच्छांच्याही तारा येत असत, पास झाल्याच्याही येत, घरी पैसे पाठवायला तारेची मनीऑर्डर होती. तरीसुद्धा पहिली धडकी भरायचीच.

हे सगळं मी हळवी होऊन लिहीत नाही. तार परत सुरू करा असंही माझं म्हणणं नाही. तिचं काम संपलं, हे मला कुणीही समजावायला नको, कारण ते मी रोज डोळ्यांनी संपताना पाहिलं. माझं म्हणणं एवढंच आहे की ही गोष्ट मुंबईची आहे, ती कशी घडली याचे पुरावे मुंबईतच आहेत, आणि ते तुमच्या हातून दर काही महिन्यांनी टेम्पोत भरले जात आहेत.

मुंबईची का, तेही सांगते. देशातली तारेची पहिली लाइन १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी टाकली गेली, ते श्रेय तिकडचंच. ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरानं पुढच्या चार-पाच वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेनं जोडली आणि १८५५ पासून पैसे भरून कुणालाही तार करता येऊ लागली. पण समुद्रापलीकडचं जग आलं ते मुंबईच्या किनाऱ्यावर. १८७० साली ग्रेट ईस्टर्न हे त्या काळचं सगळ्यात मोठं जहाज मुंबईच्या बंदरात उभं होतं. त्याच्या पोटात गटापर्चात, म्हणजे रबरासारख्या झाडाच्या चिकात, गुंडाळलेली तांब्याची तार होती. फेब्रुवारीत ते निघालं आणि तीन हजार किलोमीटरांहून जास्त केबल समुद्राच्या तळाशी सोडत एडनला पोचलं. तिथून सुएझ, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर, लिस्बनजवळचं कार्काव्हेलोस, आणि शेवटी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधलं पोर्थकर्नो हे चिमुकलं खेडं. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनमधल्या एका घरी जमलेल्या पाहुण्यांनी मुंबईशी तारेनं निरोपांची देवाणघेवाण केली. आगबोटीनं जायला-यायला जिथे दोन महिने मोडत, तिथे त्याच रात्री जबाब आला.

आता एवढंच बघा. पोर्थकर्नोला आज तारेचं संग्रहालय आहे. अटलांटिक केबल जिथे लागली त्या आयर्लंडमधल्या व्हॅलेंशिया बेटानं आणि न्यूफाउंडलंडमधल्या हार्ट्स कंटेंट गावानं आपापली केबल स्टेशनं जपून ठेवली आहेत. ही गावं आमच्या एका वॉर्डाएवढीही नाहीत. पोर्थकर्नोच्या त्या तारेचं आपल्या बाजूचं टोक जिथे लागलं, तिथे हे सांगणारी साधी पाटी मला अजून दिसलेली नाही. मी शोधली आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा.

त्या तारेनं मुंबईचं काय केलं हे मोजायला बसलं तर वही पुरणार नाही. रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं मुंबईत ऑफिस उघडलं ते १८६६ सालीच. त्याआधीच्या वर्षीच इराणी आखातातून, कराचीमार्गे, युरोपशी तारेचा संबंध जुळला होता. कापसाचा भाव लिव्हरपूलला काय फुटला, हे काळबादेवीच्या व्यापाऱ्याला बोटीची वाट न बघता कळू लागलं. शब्दागणिक पैसे पडत म्हणून पेढ्यांनी सांकेतिक कोशच वापरायला घेतले, एबीसी कोड, बेंटलीज कोड. अख्खं वाक्य पाच अक्षरांच्या एका शब्दात बसवायचं. जुन्या लेटरहेडवर 'ग्राम्स' म्हणून एकच शब्द छापलेला असतो, तो त्या पेढीचा तारेचा नोंदलेला पत्ता. आणि मुंबईचा मटका? न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरवरून इथे यायचे, त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. म्हणून त्याला 'आकडा' म्हणत. १९६१ साली ते भाव यायचे थांबले, आणि मग मडक्यातून चिठ्ठ्या काढणं सुरू झालं. चांगलं-वाईट बाजूला ठेवा, पण हे शहर तारेवर किती टांगलेलं होतं ते यातून कळतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली यंत्रांची. टेलिप्रिंटर म्हणजे जुना टाइपरायटर नव्हे, आणि तुम्ही त्याच भावानं ते काढता आहात. देशात राष्ट्रीय टेलेक्स सेवा १९६३ साली सुरू झाली. यंत्रं मद्रासच्या हिंदुस्तान टेलिप्रिंटर्समध्ये बनायची. ऑलिव्हेटी या इटालियन कंपनीच्या सहकार्यानं उभा राहिलेला तो सरकारी कारखाना. म्हणजे ही आपल्या कामगारांनी घडवलेली यंत्रं होती. एकेका यंत्रात शेकडो नाजूक भाग, आणि अक्षराचा विजेत आणि विजेचा परत अक्षरात बदल सगळा डोळ्यांसमोर व्हायचा. आजच्या फोनमध्ये काय चालतं ते कोणाला दिसतं? टेलिप्रिंटर उघडून दाखवला तर सातवीतल्या मुलीला दहा मिनिटांत कळतं. हे मी अनुभवानं सांगते. त्या मुलानं दिलेल्या रिळावर मी दाभणानं भोकं पाडून शेजारच्या मुलीला तिचं नाव लिहून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी ती माझं नाव पाडून घेऊन आली.

ती पट्टी कशी वाचायची ते इथे लिहूनच ठेवते, कारण हे माहीत असलेली माणसं भराभर कमी होत आहेत. निरोप पट्टीवर भोकांनी लिहायचा, एक आडवी ओळ म्हणजे एक अक्षर. एका ओळीत पाच जागा. प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही, अशा बत्तीस मांडण्या होतात. ई म्हणजे फक्त पहिलं भोक, टी म्हणजे फक्त पाचवं. आर म्हणजे दुसरं आणि चौथं, वाय म्हणजे पहिलं, तिसरं, पाचवं. या दोघांची भोकं एकमेकांच्या अगदी उलट, म्हणून लाइन तपासायची असली की आम्ही आर-वाय-आर-वाय असं लांबच लांब सोडायचो. बत्तीसमध्ये अक्षरं आणि आकडे दोन्ही मावत नाहीत, म्हणून अक्षरांकडून आकड्यांकडे जायची वेगळी खूण. चूक झाली तर पट्टी एक घर मागे घ्यायची आणि पाचही भोकं पाडायची. सगळी भोकं पडली की ते अक्षर वाचलंच जात नाही. लाइनवर मिनिटांचे पैसे लागत, त्यामुळे मजकूर आधी पट्टीवर पाडून ठेवायचा आणि लाइन लागली की मिनिटाला ६६ शब्दांच्या वेगानं सोडायचा. पट्टी बोटांतून सरकवत मी अंधारातही वाचत असे. रात्री वीज गेली की ऑफिसात आम्ही दोघी मेणबत्तीसुद्धा लावायचो नाही.

दुसरी तक्रार कागदांची, आणि मला ही यंत्रांहून मोठी वाटते. लोकांच्या खासगी तारा जपा असं मी म्हणत नाही. त्या खासगीच होत्या आणि मुदत संपल्यावर नष्ट व्हायच्या, तेच योग्य होतं. पण ड्यूटीचे तक्ते, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, लाइनी बिघडल्याच्या आणि दुरुस्त केल्याच्या नोंदी, तारेच्या पत्त्यांची रजिस्टरं, टेलेक्सच्या डिरेक्टऱ्या, सर्किटांचे नकाशे? त्या दिवशी सुतळीत बांधलेलं होतं ते हेच. मुंबईत कुठल्या वर्षी कुठला धंदा कुठल्या गल्लीत होता, ते पत्त्यांच्या रजिस्टरावरून कुणाही अभ्यासकाला बसल्या जागी काढता आलं असतं. पुराच्या, दंगलीच्या, संपाच्या दिवशी शहर बाहेरच्या जगाशी कसं बोलत राहिलं, ते बिघाडाच्या नोंदींत असतं. रद्दीत जायच्या आधी हे कुणी उघडून पाहिलं होतं का, असं मी तिथे विचारलं. कुणी पाहिलेलं नव्हतं.

तिसरी इमारतींची. फाउंटनची जी इमारत आपण तार ऑफिस म्हणून ओळखतो, ती मुळात मुंबईचं जनरल पोस्ट ऑफिस म्हणून बांधलेली. पोस्ट १९१३ साली बोरीबंदरजवळच्या घुमटाच्या इमारतीत गेलं. सरकारी दूरसंचार कंपन्यांच्या जमिनी आणि इमारतींतून पैसा उभा करायचा, असं केंद्र सरकारनं २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेत ठरवलं. कंपन्या तोट्यात आहेत, कर्मचाऱ्यांचे पगार द्यायचे आहेत, हे मला कळतं. पण विकायच्या किंवा भाड्यानं द्यायच्या आधी आत काय आहे याची यादी तर करा. इमारत वारसा यादीत असली तरी आतली यंत्रं त्या यादीत येत नाहीत, आणि ती आधी बाहेर जातात.

चौथी, या सगळ्या गोष्टीतून माणसं गाळली गेली याची. १४ जुलै २०१३ हा तारसेवेचा शेवटचा दिवस होता, रविवार. मीही फाउंटनला रांगेत उभी होते. ५० शब्दांना २७ रुपये असा दर २०११ पासून होता. कॅमेरे होते, तरुण मुलं आयुष्यातली पहिली आणि शेवटची तार पाठवत होती. मी घरी, आईला पाठवली. तार येणार आहे, मीच पाठवली आहे, हे तिला सांगून ठेवलेलं असूनही कागद हातात घेताना तिचा हात थरथरला. त्या दिवशी तारेवर पुष्कळ छापून आलं. पण त्यात तार करणारे होते, तार मिळालेले होते, मधले जवळपास नव्हतेच. १९०८ साली देशभरच्या तारकामगारांनी संप केला होता, कामाच्या तारांवरूनच एकमेकांशी बोलून. १९४६ च्या जुलैत टपाल-तार कामगारांचा संप झाला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी मुंबईनं एक दिवस काम बंद ठेवलं. वडील तेव्हा नोकरीत नवे होते. पगार कापला जाईल या भीतीनं आजी रात्रभर झोपली नव्हती, एवढं ते सांगत, त्यापुढे नाही. मी पुढचं विचारायला हवं होतं. आता ते नाहीत.

आणि टेलेक्सला तर निरोपसुद्धा मिळाला नाही. फॅक्स आला, मग १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी सुरू झालं, आणि ऑफिसाऑफिसांतून टेलेक्सची जोडणी गुपचूप काढली गेली. त्यावर बसणाऱ्यांत किती मुली होत्या! गिरगाव, दादर, पार्ले, डोंबिवलीहून येणाऱ्या, घरातून नोकरीला बाहेर पडलेल्या पहिल्याच पिढीच्या. करोडोंचे व्यवहार आमच्या बोटांखालून जायचे. जहाज ठरलं, माल भरला, बंदरात किती दिवस खोळंबलं, हे सगळं टेलेक्सवर, आणि ते चाले कारण टेलेक्सला आन्सरबॅक होता. तुम्ही विचारणा केली की पलीकडचं यंत्र स्वतःहून आपला नंबर आणि सांकेतिक नाव छापून देई, शेवटी देशाची एक-दोन अक्षरं. मुंबईचे नंबर ०११ नं सुरू व्हायचे. खुर्चीवर माणूस असो-नसो, निरोप योग्य दारात पोचला याचा छापील पुरावा हातात राही. आज तुमच्या फोनवर निरोप पोचल्याच्या दोन खुणा उमटतात ना, तसाच, फक्त कागदावर, आणि व्यापारी तो पुरावा म्हणून मानत. 'प्लीज'चं पीएलएस आणि 'थँक्स'चं टीकेएस आम्ही तेव्हाच करत होतो. थांब म्हणायला एमओएम, लाइन गुंतलेली असली तर ओसीसी, पलीकडचं यंत्र बिघडलेलं असलं तर डीईआर. पहाटे दोनला रॉटरडॅमचा ऑपरेटर एमओएम टाकून कॉफी आणायला जायचा आणि मी डब्यातली पोळी खायचे. त्याचं नाव मला कधी कळलं नाही.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण एका कचेरीत तो मला तोंडावर सांगितला गेला : बाई, फोर्टात चौरस फुटाचा भाव काय आहे माहीत आहे का? माहीत आहे. म्हणून मी अख्खी इमारत मागत नाही. बेस्टनं आणिक आगारात ट्रामच्या आणि तिकिटांच्या आठवणींना जागा दिली. रिझर्व्ह बँकेनं फोर्टातच नाण्यांना आणि नोटांना संग्रहालय दिलं. तारेसाठी असं सर्वांना खुलं दालन या शहरात मला सापडलेलं नाही. आणि तारेची गोष्ट जुनी झालेलीही नाही. १८८५ चा तार कायदा परवापरवापर्यंत तुमच्या-माझ्या मोबाइललाही लागू होता, त्याची जागा घेणारा कायदा संसदेनं केला तो २०२३ मध्ये. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबली तुटल्या आणि आपल्याकडचं इंटरनेट रखडलं. मुंबईची पहिली केबल गेली होती तीच ही वाट. आजही परदेशातून येणारं बरंचसं इंटरनेट वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतं ते समुद्राच्या तळावरून आलेल्या केबलीतूनच.

माझ्या मागण्या अशा :

१. तार, टेलेक्स आणि टेलिप्रिंटरशी संबंधित कुठल्याही वस्तूचा किंवा कागदाचा लिलाव, यादी पूर्ण होईपर्यंत थांबवावा. यादी लोकांना पाहता यावी. निकामी मालाच्या फॉर्मात 'जपण्यायोग्य' असा रकाना घालावा आणि तो भरायला अभिलेखागारातला जाणकार माणूस बोलवावा, भांडार विभागाचा कारकून नव्हे. त्याला हे काम शिकवलेलं नसतं, त्याच्यावर ते लादणं बरोबर नाही.

२. फाउंटनच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या. त्यात दोन टेलिप्रिंटर एकमेकांना जोडून चालू ठेवावेत, एका खोलीत एक. मुलांनी एकीकडे टाइप करावं आणि दुसरीकडे धावत जाऊन वाचावं. काचेत बंद करून ठेवलेलं यंत्र मला नको.

३. तारमास्तर, टेलेक्स ऑपरेटर, तार पोचवणारे, लाइनमन, दुरुस्ती करणारे मेकॅनिक यांच्या मुलाखती मराठीत आणि ज्याच्या त्याच्या भाषेत ध्वनिमुद्रित कराव्यात. याला खोली लागत नाही, लिलावातून येतात त्याहून कमी पैसे लागतात. हे या वर्षी करा. माझ्याबरोबर काम केलेल्यांपैकी सगळ्यात धाकटी पासष्टीची आहे.

४. १८७० ची केबल मुंबईत नेमकी कुठे लागली ती जागा जुन्या नकाशांवरून निश्चित करून तिथे मराठीत पाटी लावावी.

५. या पत्राची पोच द्यावी. नकार असला तरी चालेल, पण लेखी, आणि कारणासकट.

माझ्याकडे जे आहे ते मी द्यायला तयार आहे. वडिलांनी निवृत्तीच्या दिवशी रीतसर पैसे भरून घेतलेली पितळी मोर्स की, म्हणजे तार ठोकायची कळ, आहे. तिच्या खालच्या लाकडावर त्यांच्या मनगटाचा खळगा पडला आहे. माझ्या दोन वह्या आहेत, त्यांत टेलेक्सवरचे सगळे संक्षेप आणि ज्या ज्या शहरांशी बोलले त्यांचे आन्सरबॅक लिहिलेले आहेत. पट्टीचं ते रीळ आहे, थोडं वापरलेलं. सगळं एका ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलं आहे. तुमची जागा तयार झाली की पावती घेऊन हाती देईन. यंत्रं साफ करायला, पट्टी वाचायला शिकवायला, ड्यूटीच्या रजिस्टरातली अक्षरं लावून द्यायला माणूस हवा असेल तर दर शनिवारी मी येऊ शकते. मैत्रीणही येईल म्हणते. दोघी दुपारी बारापर्यंत फाउंटनला पोचतो.

आपली,
एक निवृत्त टेलेक्स ऑपरेटर
डोंबिवली